साळवे मामांचे ओरखडे

साळवे मामा टीव्हीकडे पाठ करून बसायचे. घरात सिनेमा लागला की सगळी मंडळी सतरंजीवर टीव्हीसमोर, आणि मामा टीव्हीच्या शेजारी स्टुलावर, तोंड मंडळींकडे करून. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. त्यांच्या नातीचं, रेखाचं, लग्न आम्ही शूट केलं होतं आणि तयार झालेली कॅसेट द्यायला मी नगरशेजारच्या भिंगारला त्यांच्या घरी गेले होते. घरातल्यांनी लगेच कॅसेट लावली. हे सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दोन तास आमच्या चेहऱ्यांकडे बघत बसले. मला अवघडल्यासारखं झालं. शेवटी न राहवून विचारलं, "मामा, तुम्ही नाही बघत?"

"बघतोय की," ते म्हणाले. "चित्र बिघडलं का न्हाई ते पडद्यावर न्हाई कळत, ताई. मानसांच्या मानंवर कळतं. मान हालली का समजायचं, कायतरी चुकलं."

मग कळलं की मामांनी सगळा जन्म सिनेमाचं मशीन चालवण्यात घालवला होता. आधी दहा वर्षं तंबूतली टुरिंग टॉकीज, या जत्रेतून त्या जत्रेत. त्यानंतर लष्करी छावणीतल्या थिएटरात, निवृत्त होईपर्यंत. भिंगारमध्ये त्यांना सगळे 'ऑपरेटर' म्हणायचे.

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. "काम बरं हाय तुमचं. पर सांधे लई दिसतात."

सांधे म्हणजे एक दृश्य संपून दुसरं सुरू होतं ती जागा. मला त्या सांध्यांचाच अभिमान होता. सत्त्याण्णव साली आमचे दोन व्हीसीआर विकून मी आणि माझा नवरा प्रकाश, आम्ही कॉम्प्युटर घेतला होता. तो कॅमेरा चालवायचा, मी एडिटिंग करायचे. दिल्ली दरवाज्याजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर आमची खोली होती. नगरमध्ये तेव्हा कॉम्प्युटरवर लग्नाची कॅसेट करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यात बाई मी एकटीच. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये जे जे होतं ते सगळं मी वापरायचे. नवरीचं बदाम होऊन फुटायचं, वरात पानासारखी उलटायची, सासूबाई फुलपाखरू होऊन उडून जायच्या.

मामांच्या बोलण्याचा मला राग आला होता. तरी पुढच्या कॅसेटमध्ये मी बदाम काढून टाकले आणि गिऱ्हाइकाच्या मंडळींना ती दाखवताना मीही हळूच मागे वळून त्यांच्या माना बघितल्या. एकही हलली नाही. त्या दिवसापासून मी भिंगारला जाऊ लागले.

पुढच्या वर्षी आमच्याकडे एक वेगळंच काम आलं. राहुरीकडच्या एका खेड्यातल्या शाळेला पन्नास वर्षं होत होती. शाळा काढणारे गुरुजी केव्हाच वारले होते. शाळेच्या सेक्रेटरींना समारंभात दाखवायला अर्ध्या तासाची फिल्म हवी होती. त्यात चार मिनिटं अशी, की गुरुजी स्वतः शाळेच्या बांधकामासाठी डोक्यावर दगडांची पाटी वाहताहेत, झाडाखाली मुलांना शिकवताहेत. गुरुजींचं असं चित्रण कुठून असणार? म्हणून त्यांच्या नातवाला, सुनीलला, जुना कोट आणि टोपी घालून प्रकाशने ते शूट केलं. नाकीडोळी तो आजोबांसारखाच होता. सेक्रेटरी म्हणाले, "आता हे पन्नास वर्षांपूर्वीचं वाटलं पाहिजे. जुन्या सिनेमासारखं. कॉम्प्युटरवर होतं म्हणे."

मी तीन दिवस खपले. चित्रातला रंग काढला, वर पिवळट छटा चढवली, उभ्याआडव्या रेघा ओढल्या, काळे ठिपके टाकले, चालण्याचा वेग वाढवला. मला ते फारच जमल्यासारखं वाटत होतं. मामांना मुद्दाम माडीवर बोलावून दाखवलं. यावेळी त्यांनी मॉनिटरकडे तोंड केलं, चष्मा पुसला, पूर्ण चार मिनिटं पाहिलं.

"ही जुनी न्हाई झाली," ते म्हणाले. "हिला गोवर झालाय."

प्रकाश हसू दाबायला जिन्यात गेला. मी मात्र रडायच्या बेतात होते. मामांच्या ते लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बिस्किटाचा एक गंजका पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात फिल्मचे तुकडे होते. रीळ तुटलं की जोडताना दोन-चार चित्रं कापावी लागत. ती त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. त्यांनी एक तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला.

"फिल्म मशीनात वरून खाली पळती. मग ओरखडा आडवा कसा येईल? उभाच येनार. आन् एकदा आला का लगेच जात न्हाई. दहा-बारा पावलं तुमच्यासंगं चालतो, जरा डावीकडं सरकतो, मग जातो. धुळीचा कन मात्र एकाच चित्रावर असतो. दिसला न दिसला तोवर गेला."

"आणि हा पिवळा रंग?"

"पिवळा फोटो पडतो, भिंतीवर टांगलेला. काळी-पांढरी फिल्म पिवळी कुनी पाह्यली? आन् मानसं का पळवली तुमी? गुरुजींच्या टायमाला मानसं आपल्यासारखीच चालत हुती."

त्या सकाळी मी वहीत लिहून घेतलेलं अजून आठवतं. रिळाचं तोंड आणि शेपूट जास्त झिजतं, मधला भाग चांगला राहतो. कारण हाताळणी टोकांचीच होते. सांध्यावर चित्र किंचित उडी मारतं आणि बोलणाऱ्याचं अर्धं अक्षर गिळलं जातं. चित्र कधीच पूर्ण स्थिर नसतं, श्वास घेतल्यासारखं हलतं. मामा हे सगळं सांगताना एखाद्या माणसाच्या म्हातारपणाबद्दल बोलावं तसं बोलत.

"समदीकडं सारखं जुनं काय नसतं, ताई. मानूस तरी कुठं समदीकडून सारखा म्हातारा हुतो?"

पण हे सगळं कॉम्प्युटरवर काढायचं म्हणजे महिना गेला असता. मामा म्हणाले, "काढायचं कशाला? खरंच आणू की."

त्यांच्या घरी खाटेखाली एक लहान प्रोजेक्टर होता. लष्कराच्या भंगाराच्या लिलावात त्यांनी तो कधीतरी घेतला होता आणि मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. त्यांनी रिळाच्या सुरुवातीला असते ती कोरी, पारदर्शक फिल्म काढली. ती अंगणात फरफटवली, गोणपाटावर घासली, चुलीजवळच्या धुळीत लोळवली. मामी म्हणाल्या, "आयुष्यभर फिल्मला बोट लावू देत न्हवते कुनाला. आज पाहा."

खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून मामांनी ती फिल्म मशीनवर चढवली आणि पांढऱ्या भिंतीवर सोडली. प्रकाशने ती भिंत शूट केली. चित्र काहीच नव्हतं. नुसता उजेड आणि त्यावर ओरखडे, धूळ, मधेच एखादा केस. प्रोजेक्टरचा आणि कॅमेऱ्याचा वेग जुळत नव्हता, त्यामुळे तो उजेड कॅमेऱ्यात आपोआप लुकलुकत होता. सॉफ्टवेअरमध्ये एका चित्रावर दुसरं ठेवून वरच्यातलं पांढरं तेवढं घालवायची सोय होती. मी मामांचे ओरखडे सुनीलच्या चित्रावर ठेवले आणि कॉम्प्युटरला कामाला लावलं. तेव्हाचं मशीन ते. चार मिनिटांचा तुकडा तयार व्हायला सबंध दिवस लागला. मामा शेजारी शेंगा सोलत बसून होते.

त्या रिकाम्या वेळात त्यांनी टुरिंग टॉकीजची एक गोष्ट सांगितली. पाथर्डीकडच्या एका जत्रेत सिनेमाचं शेवटचं रीळ हरवलं. मालकाने त्याच नटाच्या दुसऱ्या सिनेमाचं शेवटचं रीळ लावायला सांगितलं. मामांनी लावलं. नट तोच, मारामारी झाली, लग्न झालं, लोक खूश होऊन गेले. एक म्हातारी मात्र तंबूत मागे राहिली आणि मशीनपाशी येऊन म्हणाली, "बाबा, ते हरवलेलं पोरगं आईला घावलं का रं?"

"मग काय सांगितलंत?"

"घावलं म्हनलो. काय सांगनार?" त्यांनी एक शेंग फोडली. "मला म्हाईतच न्हवतं. तिनं माझ्यावर इश्वास ठेवला आन् गेली."

मी विचारलं, सिनेमाच्या कामात ते आले तरी कसे. "तंबूत अंधार झाला का कोन कुठल्या वस्तीचा, ते दिसत न्हाई," ते म्हणाले. "आमच्या गावात दुसरी तशी जागा न्हवती. म्हनून धरलं."

संध्याकाळी तुकडा तयार झाला. आम्ही तिघांनी तो पाहिला. सुनील दगडांची पाटी घेऊन चालत येत होता. तो सुनील वाटतच नव्हता. ते सगळं खरोखर पन्नास वर्षांपूर्वी घडलं होतं आणि कुणीतरी ते तेव्हा टिपलं होतं. प्रकाश म्हणाला, "मामा, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही."

मामा खूश झाले, मग म्हणाले, "म्हनूनच आता याच्यावर अक्षरांची पाटी टाका. हे नाटक करून दाखवलंय, अशी."

मी सुरुवातीला 'प्रसंग नाट्यरूपात' अशी पाटी टाकली. दोन दिवसांनी सेक्रेटरी कॅसेट पाहायला आले. ते हरखून गेले. निघताना सहज म्हणाले, "ती पाटी तेवढी काढा हं. रसभंग होतो." मी काढली. इतकं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि मला माणूस नाराज करायचा नव्हता. मामांना मी काही सांगितलं नाही.

समारंभ दुपारी होता. शाळेच्या पत्र्याच्या सभागृहाला ताडपत्र्या लावून अंधार केला होता. पडद्यावर दाखवायचं यंत्र पुण्याहून भाड्याने आलं होतं आणि पडदा नीट बांधता यावा म्हणून आम्ही मामांना बरोबर घेतलं होतं. लोक यायच्या आधी मी कॅसेट लावून पाहिली. मामा पडद्याची दोरी ताणत होते. गुरुजींचा प्रसंग सुरू झाला तसे ते थांबले.

"पाटी कुठंय?"

"सेक्रेटरी नको म्हणाले, मामा," मी कॅसेट थांबवत म्हणाले.

त्यांनी दोरीची गाठ पूर्ण केली. मग पहिल्या रांगेकडे बोट केलं. तिथे एका वृद्ध बाईंना कुणीतरी नुकतंच आणून बसवलं होतं. फिकट नऊवारी, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. "त्या कोन?"

त्या आक्का होत्या, गुरुजींच्या पत्नी. गुरुजी गेले तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. आम्ही उभे होतो तेवढ्यात सेक्रेटरी तिथे आले आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "आक्का, आज तुम्हाला गुरुजी चालताना-फिरताना दाखवतो. जुनी फिल्म घावली आपल्याला." आक्कांनी हात जोडले. मग पदराने डोळे पुसले आणि चष्मा काढून तोही पुसला.

मामांकडे बघवेना. "मामा, तुम्ही सांगा ना त्यांना," मी म्हणाले.

"मी न्हाई. काम तुमचं हाय." आवाजात राग नव्हता. "मला त्या जत्रंत सांगता आलं न्हाई. तुमाला अजून टाइम हाय. लोक यायला पाच-धा मिनटं लागत्याल."

पडद्यापासून पहिल्या रांगेपर्यंत वीस पावलं असतील. मी आक्कांच्या पायाशी खाली बसले. मग सांगितलं, की मी ही फिल्म केली आहे, ती जुनी नाही, मशीनवर जुनी केली आहे. यातले गुरुजी म्हणजे तुमचा सुनील आहे. तुम्हाला जे सांगितलं ते खरं नाही, आणि त्यात माझीही चूक आहे.

त्यांनी कानामागे हात धरला. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही.

"सुनील?" त्या म्हणाल्या.

"हो आक्का."

"म्हनून चार दिस झाले, पोरगं माझ्याम्होरं येईना." त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "बरं केलं बाई, सांगितलंस. त्यांचा एकच फोटू हाय माझ्याकडं. त्याच्याकडं बघून बघून मी चालतं-बोलतं मानूस आठवून ठिवलंय इतकी वर्सं. त्यात हे दुसरं मिसळलं असतं, तर माझं कोंचं आन् तुमचं कोंचं, ते मला कळलं नसतं."

मी हाताच्या पाठीने डोळे पुसले.

"आता रडू नको. नातवाचं नाव घिऊन सांग समद्यांना. पोरानं उन्हात पाट्या उचलल्यात. त्याचं नाव नको का व्हायला?"

सभागृह भरलं. कॅसेटमध्ये पाटी परत घालणं तिथे शक्य नव्हतं. मी तसं म्हणाले तेव्हा मामांनी भाषणासाठी ठेवलेला माईक उचलून माझ्या हातात दिला. "रीळ तुटलं का आमी तंबूत हेच करायचो. पाटी न्हाई तर तोंड हाय." सेक्रेटरी पुढे आले, "बाई, काय करताय?" म्हणाले. तेव्हा आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी सांगितलंय तिला. बोलू दे." त्यांच्यापुढे त्या गावात कोण बोलणार होतं?

मी कसंबसं सांगितलं. ही चार मिनिटं गुरुजींच्या नातवाने, सुनीलने, करून दाखवली आहेत, आणि ती जुनी दिसतात ती भिंगारच्या सखाराम साळवे ऑपरेटरांच्या हातामुळे. मागच्या बाकांवरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. फिल्म सुरू झाली. मामा पडद्याच्या कडेला उभे राहून लोकांकडे बघत होते. मीही बघितलं. कुणाचाही रस भंगला नव्हता. सुनील दगडांची पाटी घेऊन आला तेव्हा आक्का शेजारणीला म्हणाल्या, "आमचा हाय. टोपी त्यांचीच, पर ही तिरकी घालायची खोड ह्याची." आणि त्या हसल्या. सुनील दाराशी उभा होता. तो पुढे येऊन त्यांच्या खुर्चीला टेकून उभा राहिला.

सेक्रेटरी नंतर आमच्याशी बोलले नाहीत आणि त्या शाळेने आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. परतीच्या जीपमध्ये मी मामांच्या तोंडून एखाद्या शब्दाची वाट बघत होते. राहुरी गेलं, कृषी विद्यापीठ गेलं. नगरचे दिवे दिसू लागले तेव्हा ते म्हणाले, "ताई, माईक तोंडापास्नं जरा लांब धरायचा असतो. फुफाटा हुतो आवाजाचा." एवढंच.

त्यानंतर वर्षभर मामा आठवड्यातून दोनदा माडीवर येत. त्यांनी मला कॉम्प्युटरमधलं काही शिकवलं नाही. त्यांना माउस धरता येत नव्हता, तो सारखा टेबलाच्या कडेवरून खाली जायचा. तरी मला आज जे काही येतं ते मी त्यांच्याकडून शिकले असं मी सांगते. कुठे कापायचं आणि कुठे हात लावायचा नाही. बघणाऱ्याचा विश्वास आपल्याकडे किती वेळ असतो आणि तो परत कसा द्यायचा. पुढे मी किती तरी फिल्म जुन्या केल्या. आता ते एका बटनावर होतं. प्रत्येकीवर पाटी टाकली. दोघा-तिघांनी 'काढा' म्हटलं, तेव्हा नाही म्हणताना मला वीस पावलं चालायला लागली नाहीत.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर मामा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी रेखा माडीवर आली. तिच्या हातात आजोबांचे दोन फोटो होते. "ताई, याची फिल्म करून द्याल? ओरखडे-बिरखडे घालून, तुम्ही दोघं करायचा तशी. त्यांना आवडायचं."

मी हो म्हटलं आणि जुन्या टेप चाळायला बसले. एका टेपवर नवीन माईक तपासताना घेतलेला तुकडा निघाला. मामा खिडकीशी बसलेत, खालच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजताहेत, ऊन त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर आहे. अकरा मिनिटांचं चित्रण होतं. मी कॅमेरा चालू ठेवून चहा आणायला गेले होते, ते विसरलेच होते.

तो तुकडा मी होता तसाच कॅसेटवर उतरवून दिला. रंगाला हात लावला नाही, कुठे कापलं नाही. भिंगारच्या बुद्धविहारात तो लावला तेव्हा मामी पहिल्या ओळीत होत्या. पडद्यावर मामा बराच वेळ शेंगा सोलतात, सालं कागदावर गोळा करतात. मग त्यांचं कॅमेऱ्याकडे लक्ष जातं. ते पुढे वाकून लेन्समध्ये बघतात आणि जिन्याच्या दिशेने हाक मारतात, "ताई, लाल दिवा चालूच हाय. या लवकर, बंद करा. टेप उगा वाया चाललीय."